श्रीमंती लपवलेली सून आणि तिची परतफेड: कथामालिकेसाठी हा प्लॉट कसा बांधायचा, पायरी पायरीने

मोबाईलवर ही क्लिप तुम्ही बघितलीच असेल. सासू सगळ्यांसमोर सुनेला बोल बोल बोलते, नवरा कागद पुढे सरकवून म्हणतो सही कर आणि निघ, ती शांतपणे सही करते, बॅग उचलून गेटबाहेर येते आणि समोर काळ्या गाड्यांची रांग, एक सुटातला माणूस अदबीने दार उघडून म्हणतो की मॅडम, मोठ्या साहेबांनी तुम्हाला घरी न्यायला सांगितलंय. बरोब्बर तिथे क्लिप कापलेली असते आणि पुढचं बघायला ॲप घ्या म्हणून बटण येतं. आणि आपण घेतोही, कारण आता त्या सासूचं तोंड बघायचंच असतं.

बरेच जण या प्रकाराला नाकं मुरडतात. मला तो मनापासून आवडतो आणि तो नीट लिहिला जावा असं फार वाटतं. प्रतिलिपीसारख्या वाचनाच्या ॲपवर मराठीत कथामालिका लिहिणाऱ्या कितीतरी जणी हा प्लॉट घेतात, सुरुवात झकास होते, पहिल्या चार-पाच भागांत कमेंटचा पाऊस पडतो आणि मग पंधराव्या भागाच्या आसपास गोष्ट बसकण मारते. याचं कारण मला तरी एकच दिसतं, सगळा जोर गाड्या, बंगले आणि किती हजार कोटी यावर जातो आणि हा प्लॉट ज्यावर चालतो त्याकडे लक्षच राहत नाही. तो चालतो माहितीवर. कोणाला काय माहीत आहे, कोणाला नाही, कोणाला कळलंय पण बोलता येत नाही आणि कोणाला कधी कळणार, एवढं हातात असेल तर नायिकेकडे दोन कोटी असले काय आणि दोनशे असले काय, वाचक हलत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

आधी थोडं, हे आलं कुठून

आज जो साचा व्हायरल आहे तो मुख्यतः चीनच्या वेब कादंबऱ्यांतून आलाय. छीद्येन नावाची तिथली मोठी साईट २००२ ला सुरू झाली आणि २००३ मध्ये तिने पैसे भरून वाचायची पद्धत आणली, दर हजार अक्षरांमागे अगदी किरकोळ रक्कम. आता विचार करा, लेखकाला अक्षरांवर पैसे मिळणार म्हणजे कादंबरी लांब होणार, आणि वाचक भागागणिक पैसे टाकणार म्हणजे प्रत्येक भागात त्याला काहीतरी मिळायला हवं. त्यातून अपमान आणि लगेच चपराक ही जोडी पक्की झाली. तिथले वाचक याला दा-ल्यान म्हणतात, म्हणजे थोबाडीत मारणं. सगळे ज्याला हसतात तो घरजावई खरं तर बड्या घराण्याचा वारस निघतो हा तर तिथे एक अख्खा वेगळा प्रकारच आहे.

मग याची इंग्रजी भाषांतरं आली, त्यावर चालणारी ॲप आली, एक-दोन मिनिटांच्या उभ्या व्हिडिओ मालिका आल्या, आपल्याकडे पॉकेट एफएमसारख्या ऑडिओ ॲपवर शेकडो भागांच्या गोष्टी आल्या. चीनमध्ये तर हे इतकं वाढलं की नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या प्रसारण खात्याने दबंग सीईओवाल्या छोट्या मालिका कमी करा आणि दर्जा सुधारा अशी सूचनाच काढली.

आपल्याला तरी हे काय नवीन आहे म्हणा. विराटाच्या घरी सैरंध्री बनून राहिलेली द्रौपदी किंवा बाहुक सारथी बनलेला नळ, ओळख लपवून अपमान गिळणं आपल्या कानावर लहानपणापासून आहे. नळाकडे पुढे परत येऊ.

पायरी १: कोणाला काय माहीत, याचा तक्ता

लिहायला बसायच्या आधी एक कागद घ्या. डाव्या बाजूला सगळ्या पात्रांची नावं आणि सगळ्यात वर 'वाचक' हेही एक पात्र म्हणून. आडवे भाग, पाच-पाचच्या टप्प्याने. आणि प्रत्येक चौकटीत लिहा की या टप्प्यावर या माणसाला काय माहीत आहे.

पहिला निर्णय वाचकाचा. माझं मत स्पष्ट आहे, वाचकाला पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या भागातच कळू द्या की हिच्याकडे काय आहे. रहस्य म्हणून वीस भाग दाबून ठेवलं तर ते वीस भाग फक्त एका बाईच्या छळाचे होतात आणि ते वाचणं जड जातं. कळलेलं असलं की तोच छळ वाचताना वाचक मनात म्हणतो, थांब गं, तुला कळेल अजून, आणि या 'थांब'वरच मालिका पळते.

दुसरा निर्णय, एक माणूस असा ठेवा ज्याला लवकर कळतं पण तो बोलू शकत नाही. आणि तिसरा, एक विरोधक असा ठेवा ज्याला मध्येच कळतं आणि तो ते इतरांपासून लपवतो कारण त्याला त्याचा फायदा करून घ्यायचाय. हा तिसरा माणूस फार कमी मालिकांत दिसतो आणि म्हणूनच मधले भाग रडतात.

बाकीच्यांना एकेक करून कळू द्या. सगळ्या घराला एकाच पार्टीत एकाच वेळी कळलं की तुमच्याकडचं सगळं एका भागात खर्च झालं. सासूला सगळ्यात शेवटी.

पुढे समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण सोबत घेऊ. नायिका मेघा, माहेर विट्याजवळचं गाव. सासर पुण्यात, बिल्डर कुटुंब. नवरा अनिकेत, सासू, नणंद केतकी आणि अनिकेतचा चुलतभाऊ रोहन.

पायरी २: लपवायचं कारण काय?

इथे बहुतेक गोष्टी पडतात. 'त्याचं प्रेम खरं आहे का हे बघायचं होतं' हे कारण वापरू नका. लग्न करून तीन वर्षं नवऱ्याची परीक्षा घेणारी बाई म्हणजे तिनेच फसवलं की, आणि वाचक हे बरोबर पकडतात, कमेंटमध्ये नवऱ्याची बाजू घेतात आणि तुमची परतफेड पोकळ होते.

कारण असं हवं की ते ऐकल्यावर वाचकाने म्हणावं, मीही हेच केलं असतं. मेघाच्या बाबतीत: तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न थाटात झालं, सासरच्यांना माहेरची ऐपत कळली आणि मग दरवर्षी नवी मागणी, गाडी, फ्लॅट, धंद्याला भांडवल, शेवटी ती परत आली. म्हणून दुसऱ्या मुलीच्या वेळी बापाने ठरवलं की ऐपत सांगायची नाही. विचारलं तर केरळात छोटं दुकान आहे म्हणायचं. हुंड्याविरुद्ध कायदा १९६१ पासून आहे आणि तरी बापाला हे करावं लागतं हे आपल्या प्रत्येक वाचकाला न समजावता कळतं.

शिवाय या कारणात एक चांगली अडचण आहे, गुपित मेघाचं एकटीचं नाही. तिने तोंड उघडलं तर बापाला दिलेला शब्द मोडतो, त्यामुळे ती गप्प का बसते याचं उत्तर दर भागात द्यावं लागत नाही.

पायरी ३: पैसा कुठला? इथे भरपूर वेळ द्या

आयते ग्रुप ऑफ कंपनीज, दुबईतला टॉवर, प्रायव्हेट जेट, हे सगळं उचललेलं असतं आणि वाचताना तसंच लागतं. महाराष्ट्रात न दिसणारी श्रीमंती इतकी आहे की बाहेर जायची गरजच नाही. हिंजवडी-वाघोलीकडची जमीन गेल्यावर रातोरात बदललेली घरं तुम्ही बघितली असतील, पण त्यातलाच एखादा असाही असतो जो अजून स्लीपर घालून दुधाच्या किटल्या वाहतो. दिंडोरीकडचा द्राक्ष निर्यात करणारा शेतकरी, रत्नागिरीचा मासळीवाला, समृद्धी महामार्गाला जमीन देऊन मिळालेला मोबदला मुकाट्याने दुसऱ्या जमिनीत घातलेला माणूस.

मला सगळ्यात भारी वाटतात ते गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर पसरलीत, केरळ, तमिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत, परमुलखातल्या सराफ बाजारात यांच्या भट्ट्या असतात आणि गावाकडे आली की यात्रेत सगळ्यांसारखीच फेटा बांधून फिरतात. मेघाच्या बापाची भट्टी त्रिशूरला आहे असं धरा, केरळातलं सोन्याच्या दागिन्यांचं मोठं केंद्र. गावातलं घर साधं, बाप अबोल, आणि पुण्याच्या व्याह्यांना 'छोटं दुकान' यापलीकडे काही कळायचं कारणच नाही.

धंदा असा निवडायचा दुसरा फायदा म्हणजे त्यातून पात्राला एक कसब मिळतं. मेघा भट्टीशेजारी वाढली म्हणून सोनं हातात घेतलं की तिला अंदाज येतो, कसोटीच्या दगडावरचा कस ती वाचू शकते. आता सहाव्या भागात सासू दिवाळीला मिरवत तिच्या हातात हार देते आणि म्हणते बघून घे, असलं शुद्ध सोनं तुमच्याकडे कुठे बघायला मिळणार, आणि मेघाला हातात घेताच कळतं की हे बावीस कॅरेट नाही. ती काही बोलत नाही. हार परत देते. वाचकाला कळलं, मेघाला कळलं, तक्त्यात एक नवी ओळ वाढली: घरातलं खरं सोनं कोणीतरी बदललंय. तो रोहन आहे हे पुढे कळेल.

तपशील मात्र खरा ठेवा. दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा व्हायला २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आणि प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा कोड असतो जो कोणीही बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या ॲपवर तपासू शकतं. म्हणजे सासूचा हार जुना, हॉलमार्कच्या आधीचा दाखवायला हवा, नाहीतर वाचक विचारेल की कोड बघितला नाही का.

पायरी ४: अपमान लिहिणं

हा या प्रकाराचा गाभा आहे आणि इथे घाई करू नका. परदेशी साच्यातले अपमान मोठे असतात, वाईन तोंडावर फेकणं, मॉलमध्ये कार्ड डिक्लाईन होणं. मराठी घरातला अपमान बारीक असतो आणि जास्त आत जातो. हळदीकुंकवाला सगळ्या सुनांना वाण एक आणि हिला वेगळं. पंगतीत हिला वाढायलाच ठेवणं आणि शेवटी जेवायला बसली की श्रीखंड संपलेलं असणं. 'आमच्याकडे असं नसतं गं' हे गोड आवाजातलं वाक्य. माहेरून फोन आला की टीव्हीचा आवाज वाढवणं.

अधिक महिन्याचा प्रसंग तर या प्लॉटसाठी हातात आयता आहे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला. मेघाचे आईबाप जावयाला वाण द्यायला पुण्यात येतात, तेहतीस अनारसे आणि एक तांब्याचं ताम्हण, कारण ठरलंय की ऐपत दाखवायची नाही. त्याच दिवशी केतकीच्या नवऱ्याला या घरातून चांदीचं ताट दिलं जातं, सगळ्या पाहुण्यांसमोर, आणि सासू ते ताम्हण उचलून स्वयंपाकघरातल्या बाईला म्हणते हे तू घेऊन जा, देव घासायला होईल. बाप हसून मान हलवतो. मेघा बापाच्या हाताकडे बघते, भट्टीच्या चटक्यांनी भाजलेले हात.

अपमानाची एक वही ठेवा. प्रत्येक अपमानापुढे चार गोष्टी: कोण बोललं, नेमकं वाक्य काय, कोणती वस्तू होती आणि कोणी बघितलं. परतफेडीला हेच परत येतं. तीच वस्तू, तेच वाक्य, तेच साक्षीदार. ताम्हण ज्या बाईला दिलं तिने ते जपून ठेवलेलं असणं हे तीसेक भागांनंतर वाचकाला रडवतं, आणि त्यासाठी एक रुपयाची श्रीमंती लागत नाही.

साक्षीदार फार महत्त्वाचा. बंद खोलीतला अपमान फक्त दुःख देतो, चारचौघांतला अपमान फेडावा लागतो.

आणि सलग तीन भाग अपमान नको. दोन भागांनंतर एक छोटी परतफेड द्याच, मोठं गुपित न फोडता. केतकी पार्टीत मेघाच्या इंग्रजीवर हसते आणि तिथेच एक मल्याळी क्लायंट येतो, कोणालाच त्याच्याशी धड बोलता येईना, मेघा त्याच्याशी अस्खलित मल्याळम बोलते. घरचे चमकतात, 'कुठे शिकलीस?' 'बाबांचं दुकान तिकडे आहे ना.' खोटं काहीच बोलली नाही, गुपित शाबूत, वाचक खूश.

एक गोष्ट कळकळीने सांगते. नायकाने किंवा नवऱ्याने हात उगारणं, जबरदस्ती करणं, खोलीत कोंडणं आणि मग ते 'त्याचं प्रेमच तसं होतं' म्हणून खपवणं, व्हायरल गोष्टींत हे सर्रास चालतं. लिहू नका. हे वाचणाऱ्यांत सोळा-सतरा वर्षांच्या मुली आहेत आणि काही बायका हे घरात सोसतायत. मारहाण दाखवायचीच असेल तर ती गुन्हा म्हणून दाखवा आणि तो माणूस पुढे नायक होऊ शकत नाही.

पायरी ५: कायद्याशी गाठ

'कागदावर सही कर आणि निघ' हा प्रसंग आपल्याकडे जसाच्या तसा बसत नाही. चीनमध्ये संमतीचा घटस्फोट सरकारी कार्यालयात जाऊन नोंदवता येतो, २०२१ पासून त्याला तीस दिवस थांबायची अट आली एवढंच. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याखाली परस्पर संमतीने घ्यायचा तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग कोर्टात अर्ज, मग सहा महिने, जे सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य केसमध्ये माफ होऊ शकतात. म्हणजे घरातल्या टेबलावर सही करून कोणी मोकळं होत नाही. आणि हे तुमच्या फायद्याचं आहे! दीड वर्षं ती कायद्याने त्या घराची सूनच राहते, कोर्टाच्या तारखांना समोरासमोर येतात, आणि गुपित फुटायला दीड वर्षाची जागा मिळते.

'काल रात्री मी तुमची कंपनी विकत घेतली' हेही तसंच. कंपनी शेअर बाजारात असेल तर पाच टक्के झाले की जाहीर करावं लागतं, आणि पंचवीस टक्क्यांवर गेलं की बाकीच्या भागधारकांना किमान सव्वीस टक्क्यांची खुली ऑफर द्यावी लागते, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे २०११ चे नियम आहेत. गुपचूप होत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर शेअर ट्रान्सफरवर कंपनीच्या नियमावलीचीच बंधनं असतात. आणि संचालकांची नावं सरकारी पोर्टलवर दिसतात, जमिनीचा सातबारा कोणीही ऑनलाईन बघू शकतं, म्हणून तुमच्या नायिकेच्या नावावर काय ठेवायचं ते जपून ठरवा. किंवा मुद्दाम ठेवा आणि रोहनला तो सातबारा सापडू द्या, तुमचा 'कळलंय पण लपवतोय' असा विरोधक तयार झाला.

नोकराच्या किंवा ड्रायव्हरच्या नावावर मालमत्ता लपवली असं लिहू नका, निदान चांगल्या माणसांच्या बाबतीत नको. तो बेनामी व्यवहार झाला, २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे, मालमत्ता जप्त होते ते वेगळंच. बापाने स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून मुलीच्या नावावर घेतलेलं मात्र चालतं.

'तुला वारसाहक्कातून बेदखल करतो' हा डायलॉगही तपासा. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क आहे आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अजून पक्का केला. बापाच्या स्वकमाईचं मृत्युपत्र तो हवं तसं करू शकतो. हा फरक कळला की खऱ्या-खोट्या वारसाच्या गोष्टींत तुमच्या हातात एक जबरदस्त वळण येतं.

गोव्यातली गोष्ट लिहिणार असाल तर सगळा खेळच बदलतो. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालते आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, निम्मी-निम्मी. म्हणजे बायकोने श्रीमंती लपवली तरी नवरा तिच्या मालमत्तेचा अर्धा मालक आहेच आणि त्याला ते ठाऊक नाही! शिवाय तिला जमीन विकायची तर त्याची सही लागते, तेव्हा गुपित फुटायची जागा म्हणजे नोंदणी कार्यालयातलं टेबल. हे कोणीतरी लिहायलाच हवं.

पायरी ६: परतफेड

मेघाच्या गोष्टीत मी परतफेड अशी बांधीन. अनिकेतच्या घरच्यांनी प्रोजेक्टसाठी कर्ज काढलंय आणि राहता बंगला गहाण आहे. रोहनने पैसे फिरवलेत. हप्ते थकतात. नव्वद दिवस थकलं की बँक खातं एनपीए म्हणजे थकीत कर्ज धरते, मग गहाण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, ताब्याची नोटीस दोन पेपरांत छापतात ज्यातला एक स्थानिक भाषेतला असतो, मग लिलावाआधी तीस दिवसांची नोटीस. हा सगळा काळ आणि कोर्टातला घटस्फोटाचा काळ तुम्ही शेजारी शेजारी ठेवा, दोन्ही घड्याळं एकत्र चालतात आणि प्रत्येक टप्पा म्हणजे एक भाग.

आता यातली सोन्यासारखी जागा बघा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराला पूर्ण पैसे भरून मालमत्ता सोडवून घेता येते ती लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे नोटीस छापून यायच्या आदल्या रात्री मेघाला माहीत आहे, अनिकेतला माहीत नाही, आणि एका फोनने ती त्याला सांगू शकते. करेल का? का करेल? नाही केला तर स्वतःबद्दल तिला काय वाटेल? अख्ख्या मालिकेतला सगळ्यात चांगला भाग हा असणार आहे, त्याला पूर्ण भाग द्या, नुसता एक फोन, एक बाई आणि घड्याळ. तिने काय करावं हे मी सांगणार नाही, पण ती जे करेल ते तिच्या स्वभावातून येऊ दे, कमेंटमधल्या मागणीतून नको.

लिलाव ऑनलाईन असतो. जिंकणाऱ्याला पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत भरावे लागतात, बाकीचे साधारण पंधरा दिवसांत. या पंधरा दिवसांत रोहन अडथळे आणतो, हा तुमचा शेवटचा ताण.

गुपित फुटणं तुकड्यांत करा. आधी केतकीला, मग अनिकेतला, मग नातेवाइकांना. आणि सासूला कळतं तेव्हा मेघाने मोठं भाषण ठोकायचं नाही. इथे बहुतेक जण तीन पानं संवाद लिहितात. ती फक्त ताम्हण टेबलावर ठेवते. वही उघडा, बघा त्या दिवशी कोणकोण होतं, त्यातले निम्मे तरी आज हजर हवेत.

परतफेडीचं माप ठेवा. ज्याने जेवढं केलं तेवढंच त्याला. मजुरांचे पगार बुडतील, अनिकेतचे म्हातारे आजोबा रस्त्यावर येतील असलं काही होऊ देऊ नका, नाहीतर वाचकाची सहानुभूती एका झटक्यात उलटते.

पायरी ७: आणि प्रेमाचं काय

ही प्रेमकथा आहे हे विसरायला होतं. एक नियम पाळा: ज्याच्याशी तिचं शेवटी जमणार आहे त्याने तिची निवड पैसा कळायच्या आधी केलेली असावी आणि ती कृतीतून दिसलेली असावी. नवीन नायक असेल तर सोपं आहे. अनिकेतलाच परत आणायचं असेल तर अवघड, पण जास्त सुंदर. मग तक्त्यात नीट नोंदवा की त्याला पश्चात्ताप कोणत्या भागात झाला आणि ऐपत कोणत्या भागात कळली. पश्चात्ताप आधी, ऐपत नंतर, मध्ये किमान पाच-सहा भाग. उलटं झालं तर कितीही रडला तरी तो पैशासाठी आलाय असंच वाटणार आणि वाचकाला दोष देता येणार नाही.

इथे नळ-दमयंती आठवा. बाहुकाचं रूप पार बदललेलं, तरी त्याने रांधलेल्या अन्नाची चव घेऊन दमयंतीने ओळखलं. ओळख पटली ती कसबावरून. मुकुट, राज्य काहीच नव्हतं तेव्हा. आणि राज्य परत मिळवलं तेही सारथी असताना ऋतुपर्णाकडून शिकलेल्या फाशांच्या विद्येने. अनिकेतला जर कळायचंच असेल तर असं कळू दे, रात्री मेघा हार हातात फिरवत बसलीय आणि तिची बोटं ज्या सवयीने त्यावरून चालतायत ते बघून त्याला जाणवतं की आपण हिला कधी काही विचारलंच नाही.

पायरी ८: भाग लिहिताना

मोबाईलवर वाचतात लोक, लोकलमध्ये, भाजी शिजेपर्यंत. हजार-बाराशे शब्दांचा भाग पुरतो. परिच्छेद छोटे. पहिल्या भागात कुळाचा इतिहास नको, थेट अपमानाच्या प्रसंगात शिरा.

भागाचा शेवट दर वेळी दारावरची बेल आणि 'तो कोण होता?' असा नको, दोनदा फसवलं की वाचक सुटतो. खरा हुक म्हणजे तक्त्यातली एक चौकट बदलणं. कोणालातरी काहीतरी कळलं आणि भाग संपला. केतकीच्या हातात चुकून त्रिशूरहून आलेलं पाकीट पडलं, तिने पत्ता वाचला, बस.

टाकायला सुरुवात करण्याआधी पंधरा-वीस भाग लिहून तयार ठेवा आणि शेवट तर नक्कीच ठरवून ठेवा. घरात आजारपण येतं, सणवार येतात, आणि 'पुढचा भाग कधी?' विचारणारी माणसं फार प्रेमाने विचारत असतात, त्यांना महिनाभर ताटकळत ठेवणं बरं नाही. कमेंट जरूर वाचा, कुठे गोंधळ झाला ते त्यात लगेच कळतं, पण प्लॉट त्यांच्या मतावर बदलू नका. तिसऱ्या भागात सगळ्यांनाच सासूला लगेच धडा हवा असतो.

पायरी ९: हक्क आणि करार

गरीब समजलेली सून श्रीमंत निघते ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही, आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगितलंय की कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. पण एखादी चिनी किंवा इंग्रजी कादंबरी घेऊन नावं बदलून मराठीत उतरवणं हे सरळ उल्लंघन आहे, भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो.

मालिका चालली की ऑडिओवाले, व्हिडिओवाले विचारतात. आनंदात लगेच सही करू नका. करारात मुदत किती, प्रदेश कोणता आणि कोणकोणत्या माध्यमांसाठी, हे शब्दांत लिहिलेलं बघा. कॉपीराइट कायद्यात हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही तर तो तुमच्याकडे परत येतो, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच, आणि बहुतेक छापील करारांत ते वेगळं लिहिलेलं असतं. म्हणून ते कलम शोधा, ऑडिओ, व्हिडिओ आणि पुस्तक यांचे हक्क शक्य तितके वेगवेगळे द्या, आणि पात्रांवर पुढचं पर्व लिहायचा हक्क स्वतःकडे राहतोय ना ते एखाद्या वकिलाला दाखवून मगच सही करा.